एका रॉकेटमागे दोन माणसं

घटस्फोटानंतर मी वाघोलीला राहायला आलो तेव्हा माझं सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. त्यात एक लांबट खोकं होतं. त्यात काय आहे हे मलाही नीट आठवत नव्हतं. नव्या घराला अजून पडदेसुद्धा लागले नव्हते. एका शनिवारी दुपारी दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी ते उघडलं.

आत रॉकेट होतं, म्हणजे रॉकेट होण्याच्या वाटेवरचं सामान. जाड कागदाची मनगटाहून रुंद नळी, प्लास्टिकचं टोकदार नाक, हलक्या लाकडाचे पंख, घडी केलेलं नारिंगी पॅराशूट आणि इंग्रजी माहितीपत्रक. कंपनीने कधीतरी मला काही महिने अमेरिकेला पाठवलं होतं, तेव्हा तिथल्या एका दुकानात मी हे किट घेतलं होतं. खेळातलं असलं तरी खरोखर उडणारं. फक्त मोटर आणता आली नव्हती. मोटर म्हणजे रॉकेटच्या शेपटीत बसणारी, आत जळणारं मिश्रण ठासलेली कांडी. ती विमानातून नेऊ देत नाहीत. त्यामुळे खोकं आलं तसं माळ्यावर गेलं आणि आमचा संसार मोडेपर्यंत तिथेच राहिलं.

मी ते जोडायला घेतलं त्याचं खरं कारण सांगायचं तर, गोंद वाळेपर्यंत थांबावं लागतं. मला असं काहीतरी हवं होतं, ज्याची वाट बघता येईल. माझं काम घरूनच चालायचं. दिवसभर कानात हेडफोन आणि समोर कॅमेरा बंद केलेल्या माणसांची आद्याक्षरं. संध्याकाळी शेवटचा कॉल संपला की घरात एकदम शांत व्हायचं. मग लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज यायचा, पावलं यायची आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात जायची. मी पंखांना सँडपेपर मारत बसायचो. काही आठवड्यांत रॉकेट तयार झालं. पांढऱ्या रंगाचं, जमिनीवर ठेवलं तर माझ्या कमरेपर्यंत येणारं. टीव्हीशेजारी उभं करून ठेवलं. घरात माझ्याशिवाय उभं राहिलेलं तेवढंच एक होतं.

वाघोलीच्या आसपास इंजिनीअरिंग कॉलेजं बरीच. त्यांतल्या एकाचा रॉकेट क्लब आहे, असं शोधताना कळलं. ते रीतसर परवानग्या काढून, नगर रस्त्यावरून आत गेल्यावर एका पडीक रानात रविवारी सकाळी रॉकेटं उडवत. क्लब बघणाऱ्या प्राध्यापकांना मी भेटायला गेलो.

"आपण विद्यार्थी नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग आपल्याला हे कशासाठी?"

"जोडून झालंय," मी म्हणालो. "आता उडवावं म्हणतो."

"या मग. पण दोन गोष्टी. आमच्याकडे सध्या अठरा मिलिमीटरच्या मोटरी आहेत. तुमच्या किटला चोवीसची लागते. ती मधली जागा तुम्ही भरून आणा. आणि दुसरं म्हणजे, एका रॉकेटमागे दोन माणसं लागतात. एक बटण दाबणारा, एक नजर ठेवणारा. बटण दाबणारा मान वर करेपर्यंत रॉकेट दिसेनासं झालेलं असतं. आमची मुलं स्वतःच्या रॉकेटांमागे पळत असतात, ती मिळायची नाहीत. तुमची सोबत तुम्ही आणायची."

पहिली अट सोपी निघाली. चोवीसच्या नळीत अठराची नळी बसवायची, दोन्हींच्या मध्ये पुठ्ठ्याच्या गोल चकत्या घालायच्या आणि मोटर वर सरकू नये म्हणून आत एक कडं चिकटवायचं. चकत्या कापताना पहिल्या काही वाया गेल्या, पण एका रविवारात काम झालं. छोटी मोटर मोठ्या घरात नीट मधोमध बसली.

दुसरी अट मात्र जमेना. ऑफिसातला एक जण बऱ्यापैकी जवळचा होता. तो हिंजवडीला राहायचा. "संडे मॉर्निंग? वाघोलीला?" असं म्हणून तो इतका मनापासून हसला की मीही हसलो. कॉलेजातला एक मित्र धायरीला होता. त्याने "पुढच्या वेळी नक्की" असं सांगितलं. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला विचारावं असं वाटलं, पण आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे गेलेली नव्हती. मान हलवणाऱ्या माणसाला एकदम 'रॉकेट उडवायला येता का' असं कसं विचारायचं?

अशात एक दिवस तो फोन आला. माझ्या पूर्वीच्या बायकोच्या वडिलांचा. ते मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत एकटे राहायचे. सासूबाई आमच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेल्या. मुलगी घटस्फोटानंतर बेंगळुरूला. आमचं नातं कागदोपत्री संपलं होतं, पण त्यांच्या गॅसच्या कनेक्शनला मोबाइल नंबर माझा दिलेला होता. तो कुणी बदललाच नाही. त्यामुळे सिलिंडर आला की ओटीपी माझ्याकडे यायचा, आणि दारात सिलिंडरवाला उभा असताना ते मला फोन करायचे.

"मी बोलतोय. आला का नंबर?"

मी आकडे वाचून दाखवायचो. ते पुन्हा म्हणून खात्री करायचे. मग "बरं, ठेवतो." दर दोन-अडीच महिन्यांनी एवढंच बोलणं. मी त्यांना पूर्वी बाबा म्हणायचो. आता काय म्हणायचं ते कळत नव्हतं, म्हणून काही न म्हणता वाक्यं जुळवायचो. तेही मला नावाने हाक मारायचं टाळायचे. अहो-जाहो मात्र पहिल्यासारखंच.

त्या दिवशी त्यांनी "ठेवतो" म्हणायच्या आत मी म्हणालो, "रविवारी सकाळी मोकळे आहात का?"

"मी सगळेच वार मोकळा असतो. काम काय आहे?"

मी सांगितलं. सांगताना ते सगळं फारच पोरकट वाटायला लागलं.

"रॉकेट," ते म्हणाले. मग सिलिंडरवाल्याला "थांबा हो जरा" असं म्हटल्याचं ऐकू आलं. "बरं. न्यायला कोण येणार?"

रविवारी मी वाघोलीहून मार्केट यार्डाला गेलो आणि त्यांना घेऊन पुन्हा वाघोलीकडे आलो. भाजीचे टेम्पो रिकामे होऊन परतत होते. मी पोचलो तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला टोपी आणि हातात पाण्याची बाटली घेऊन फाटकाशी उभेच होते. मागच्या सीटवर आडव्या ठेवलेल्या रॉकेटकडे त्यांनी वळून पाहिलं. गाडी हडपसरजवळ सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाले, "हे आतमध्ये जे छोट्या मोटरीसाठी केलंय म्हणता, ते म्हणजे रिड्यूसर." ते महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. "दोन इंची पाइपाला एक इंची जोडायचा असला की लावतात ते."

"तसंच," मी म्हणालो.

"मग दाब कमी मिळणार."

रानात प्राध्यापकांनी नमस्कार करून विचारलं, "हे आपले वडील का?"

त्यांनीच उत्तर दिलं. "नाही. मी सोबत."

"सोबत म्हणजे?"

"तुमच्या नियमातली."

दाब खरंच कमी पडला. मी बटण दाबलं, फुस्स झालं आणि रॉकेट आधाराला उभ्या रोवलेल्या सळईवरून जड अंगाने निघालं. थोडं वर जाऊन ते कलंडलं आणि आडवंच चाललं. नाक सुटून पॅराशूट बाहेर आलं तेव्हा ते जमिनीच्या इतकं जवळ होतं की उघडायला वेळच मिळाला नाही. एक पंख मुळापासून तुटला.

ते सावकाश चालत तिथपर्यंत आले आणि तुटलेला पंख उचलून त्यांनी माती झटकली. "मी नजर ठेवली होती," ते म्हणाले. "फार लांब ठेवावी लागली नाही."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी दुसऱ्या माणसाच्या समोर उभा राहून मी हसत होतो.

प्राध्यापकांनी सांगितलं की पुढच्या हप्त्यात चोवीसच्या मोटरी येतील आणि काही एकोणतीसच्याही. करायचंच असेल तर एकोणतीसचीच नळी घाला आणि लहान मोटरींसाठी आत घालायच्या नळ्या वेगळ्या करून ठेवा. म्हणजे एकाच रॉकेटमध्ये तिन्ही मोटरी चालतील. ऐकायला सोपं होतं. पण त्यासाठी मी स्वतः चिकटवलेलं आतलं सगळं उपटून काढायला हवं होतं. शिवाय मोठ्या मोटरीच्या वेगाला ते हलके पंख टिकणारे नव्हते. प्लायवूडचे करावे लागणार होते, आणि तेही नळीला चिरा पाडून आतल्या नळीपर्यंत रुतवलेले.

परतताना ते म्हणाले, "तुमच्याकडे करवत आहे?"

"नाही."

"माझ्याकडे आहे. शनिवारी या."

अशा रीतीने रॉकेट मार्केट यार्डाला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर राहायला गेलं आणि मी शनिवारचा तिथे जायला लागलो. सासूबाईंचा फोटो समोर भिंतीवर होता. माझ्या लग्नाचा फोटो पूर्वी जिथे होता तिथे आता कॅलेंडर होतं. आम्ही दोघांनीही त्या भिंतीकडे पाठ येईल अशा खुर्च्या घेतल्या. कुणी ठरवून नाही, पण पहिल्या दिवशी बसलो तसेच पुढेही बसत राहिलो.

काम हळू चाले. जुनी नळी काढताना मी ओढत होतो आणि ते धड धरून बसले होते. ती निघाली तेव्हा आम्ही दोघेही मागे कोलमडलो. प्लायवूडच्या चकत्या त्यांनी कापल्या, मी कडा घासल्या. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मधूनच ते एक डोळा झाकून चकती उजेडात धरत आणि म्हणत, "या डोळ्याला पांढरं दिसतंय, त्या डोळ्याला पिवळं. खरं कुठलं?" दुपारी ते मुगाची खिचडी टाकत. मुलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. बेंगळुरूहून फोन आला की ते आतल्या खोलीत जाऊन बोलत. "काही नाही, बसलोय," असं म्हणताना मला ऐकू येई. मी इथे आहे हे ते सांगत नसत. मला त्याचं वाईट वाटावं का, हे मी ठरवू शकलो नाही.

शेपटीकडे प्लायवूड आणि मोठी नळी आली म्हणून रॉकेट मागे जड झालं. अशा रॉकेटचं नाक हवेत वळतं आणि ते भलतीकडे जातं. म्हणून नाकाच्या आत गळाला बांधायची शिशाची वजनं चिकटवली. पुरेशी झाली का हे बघायची साधी पद्धत आहे. रॉकेट जिथे आडवं तोललं जातं तिथे लांब दोरी बांधायची आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर सरळ उडेल.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ते फिरवत होतो आणि ते खांबाला टेकून नाकाकडे बघत होते. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली आले.

"काय चाललंय?"

"रॉकेट फिरवतोय," ते म्हणाले. "दिसत नाहीये का?"

गृहस्थांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हे आपले जावई ना? मध्यंतरी बरेच दिवस दिसले नाहीत."

"मध्यंतरी मीही बरेच दिवस दिसलो नव्हतो," ते म्हणाले. "डोळ्याच्या ऑपरेशननंतर घरातच होतो. तेव्हा चौकशी केली नाहीत ती."

गृहस्थ निघून गेले. मी दोरी गुंडाळत होतो. वर न बघता म्हणालो, "बाबा, नाक पुढे राहतंय ना?"

"राहतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही. पुढे मी त्यांना बाबाच म्हणत राहिलो.

चोवीसच्या मोटरीवरचं उड्डाण सुरेख झालं. सुर्रकन सरळ वर, वर गेल्यावर एक क्षण थांबल्यासारखं, मग धुराचा ठिपका आणि नारिंगी पॅराशूट. ते आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उतरलं. क्लबमधल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं, आता हे असंच चालेल. महिन्यातून एक रविवार आणि मधले शनिवार.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "मागच्या आठवड्यात न्हाणीघरात पडलो. विशेष काही नाही, कोपर खरचटलं. पण तिला सांगून बसलो."

मी गाडी चालवत राहिलो.

"ती म्हणते, आता एकटं राहायचं नाही. जागा भाड्याने द्यायची आणि तिकडे यायचं. बरोबरच आहे तिचं."

"हो," मी म्हणालो. दुसरं काही म्हणायचा मला हक्क नव्हता.

एकोणतीसची मोटर मिळाली तो रविवार त्यांच्या जाण्याच्या अगदी जवळचा होता. मी न्यायला गेलो तर दार तिने उघडलं. केस आखूड केले होते. मागे बांधाबांध चालू होती. गाद्या गुंडाळलेल्या, भांडी वर्तमानपत्रात. टेबल मोकळं करून रॉकेट मात्र तसंच ठेवलेलं होतं.

"हे तुझं आहे हे मला कालच कळलं," ती म्हणाली. "मी ते अडगळीत काढत होते तर बाबा ओरडले माझ्यावर."

"त्यांनी बरंच केलंय त्यातलं."

"एवढे दिवस येत होतास?"

"शनिवारी."

तिने मान हलवली. रागावली नव्हती. काहीतरी मोजून बघावं तशी ती त्या रॉकेटकडे बघत होती. "किती वर जातं?"

"आज कळेल. आज मोठी मोटर आहे."

ती काही विचारेल असं वाटलं. मीही 'येतेस का' म्हणू शकलो असतो. आम्ही दोघे रॉकेटच्या दोन बाजूंना उभे होतो. मग आतून बाबा टोपी घालून आले आणि ती म्हणाली, "ऊन चढायच्या आत परत आण त्यांना." एवढं म्हणून ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

रानात त्या दिवशी वारा होता, उडवू नये इतका नव्हता. बाबांना मी सळईपासून चांगलं लांब, एका बांधावर उभं केलं. बटण दाबलं. या वेळी फुस्स नव्हतं. कापड टराटरा फाटावं तसा आवाज झाला आणि सळई रिकामी दिसली. मी मान वर केली तर तिथे फक्त धुराची सरळ रेघ होती. आभाळात मला काही सापडेना.

"अरे, तिकडे! तिकडे बघ!" मागून आवाज आला. "पॅराशूट उघडलंय, पळ! वाऱ्याने चाललंय ते, पळ रे!"

मी पळत सुटलो. मला काहीच दिसत नव्हतं. ते हात करत होते तेवढ्या दिशेला पळत होतो. पडीक रान संपलं, ज्वारीचं शेत लागलं, कडेकडेने गेलो. पुढे माळ आणि बाभळी. तिथे कुठल्या बाजूला जायचं ते कळेना म्हणून मागे वळून पाहिलं. खूप लांब, बांधावर बाबा उभे होते, बोटाएवढे. त्यांचा हात अजून तसाच पुढे ताणलेला होता, जराही न हलवलेला. मी इकडेतिकडे झालो तर दिशा चुकू नये म्हणून. त्या हाताच्या रेषेत मी पुढे चालत गेलो आणि एका बाभळीच्या काट्यांत नारिंगी कापड फडफडताना दिसलं. खाली रॉकेट लोंबत होतं. पंख शाबूत, नाक शाबूत.

ते काढताना हाताला काटे लागले. रॉकेट काढून झाल्यावरही मी थोडा वेळ तिथेच बसलो, कारण परत गेल्यावर हे संपणार होतं. मग उठलो. बांधापाशी पोचलो तेव्हा त्यांचा हात खाली आलेला होता आणि ते दुसऱ्या हाताने खांदा चोळत होते.

"सापडलं," मी म्हणालो.

"बघितलं मी. या डोळ्याने." त्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुम्ही पाणी प्या आधी."

फाटकाशी उतरताना मी त्यांना रॉकेट घेऊन जा म्हटलं. ते म्हणाले, विमानात बसायचं नाही. मी म्हटलं, मोटर नसली की बसतं. "तिथे कुठे उडवू?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि ते आत गेले. वर खिडकीत ती उभी होती की पडदा होता, ते खालून नीट दिसलं नाही.

त्यानंतर उन्हाळा लागला. वाळल्या गवताला आग लागेल म्हणून क्लबने उड्डाणं थांबवली. शनिवार मोकळे झाले. पहिले काही आठवडे सवयीने लवकर उठलो, आंघोळ करून बसलो आणि कुठे जायचं नाही हे मग लक्षात यायचं. एकदा काही कारण नसताना मार्केट यार्डापर्यंत जाऊन आलो. त्यांच्या गॅलरीत कुणाचे तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते.

मे महिन्यात एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. खालच्या बागेत फेऱ्या मारणारे सगळे कानडीत नाहीतर इंग्रजीत बोलतात. एक सोलापूरचे गृहस्थ भेटले होते, पण ते मुलाकडे पंधरवड्यासाठीच आलेले. घर चौदाव्या मजल्यावर आहे, वारा फार.

"तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

"काम चालू आहे," मी म्हणालो.

फोन चालू होता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग तिचा आवाज आला, "बाबा, कोण आहे?" त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. त्यांनी बहुतेक फोनवर हात ठेवला असावा. हात काढल्यावर म्हणाले, "जेवायला बोलावतायत. ठेवतो."

मी थोडा वेळ फोन हातात धरून बसलो. मग स्वतःसाठी भात लावला, आणि तो होईपर्यंत गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली नगर रस्त्यावर गाड्या ओळीने थांबल्या होत्या.